कमानपाट्याच्या खुरप्याला पाणी देताना तडा का जातो?

ओढ्याकाठची

नमस्कार. भोर तालुक्यात आमची अडीच एकर जमीन आहे. पावसाळ्यात भात, कापणीनंतर ओल टिकेल तेवढ्या खाचरांत हरभरा आणि वाल, घरापुरता भाजीपाला आणि दावणीला दोन गाई, एवढा आमचा व्याप आहे. गावातले लोहारकाका गुडघे साथ देईनासे झाल्यावर भट्टी बंद करून मुलीकडे राहायला गेले आणि जाताना आपली ऐरण, दोन सांडशी, एक घण व हाताने फिरवायचा पंखा आमच्या पडवीत ठेवून गेले. लहानपणी मी त्यांच्या भट्टीपाशी तासन्‌तास बसून पंखा फिरवीत असे, एवढीच माझी या कामातली पात्रता आहे. आता साधे खुरपे शेवटायचे, म्हणजे धार लावून घ्यायचे, झाले तरी तालुक्याला खेप पडते, म्हणून गेल्या मार्गशीर्षापासून मी स्वतःच हात काळे करू लागले आहे. गरज आहे हे खरे, परंतु खरे सांगायचे तर आवड अधिक आहे.

पहिले खुरपे मी घराच्या स्लॅबमधून उरलेल्या बारा मिलिमीटरच्या सळईचे केले. ठोकायला ते अतिशय सोपे गेले, लाल करून बादलीत बुडवलेही, परंतु हरभऱ्याचा अर्धा वाफा खुरपून होण्याआधीच त्याचे तोंड दुमडले आणि दगडावर ठोकून सरळ केले तरी पुन्हा दुमडले. मग भंगारवाल्याकडून ट्रकच्या कमानपाट्याचा, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्टीचा, हातभर तुकडा आणला. तो ठोकताना खांदा निखळायची वेळ आली, म्हणून मी तो अगदी पिवळाधमक होईपर्यंत तापवीत राहिले आणि शेवटी तशाच अवस्थेत थंड पाण्यात बुडवला. बुडवताक्षणी ‘टिक्‌’ असा बारीक आवाज झाला. त्याकडे मी लक्ष दिले नाही. दुसऱ्या दिवशी खुरप्याच्या कडेचा नखाएवढा तुकडा वालाच्या ओळीत गळून पडला आणि तो शोधण्यात माझा अर्धा तास गेला, कारण गाई पुढे त्याच वावरात चरणार होत्या. तिसऱ्या वेळी तेल वापरून पाहिले. तडा गेला नाही, पण कानस त्यावर सहज चालते, म्हणजे कडकपणा आलेलाच नाही.

माझा मुख्य प्रश्न असा की कमानपाट्याला पाणी द्यावे की तेल, आणि ते नेमके कोणत्या रंगावर द्यावे? जोडीला एक घरगुती अडचणही सांगते. मला सवड मिळते ती संध्याकाळी पाचच्या सुमारास, आणि भट्टी गोठ्याला लागून असलेल्या पडवीत आहे. ऐरण वाजू लागल्यापासून आमची थोरली गाय पान्हा चोरू लागली आहे आणि त्यामुळे घरात या छंदाची बाजू घेणारे कोणी उरलेले नाही.

टूलरूममधला

ताई, पिंपरी-चिंचवडच्या एका कारखान्यात पोलादाच्या उष्णतोपचारावर तीस वर्षे काम करून मी निवृत्त झालो आहे. आपली तिन्ही खुरपी तीन वेगवेगळ्या कारणांनी बिघडलेली आहेत, त्यामुळे एकेकाचे सांगतो.

सळईचे खुरपे दुमडणारच होते, त्यात आपल्या हाताचा दोष नाही. पोलाद पाणी देऊन, म्हणजे तापवून पाण्यात किंवा तेलात झटकन निववून, कडक होते ते त्यातल्या कार्बनमुळे, आणि बांधकामाच्या सळईत तो साधारणपणे 0.30 टक्क्यांच्या आतच ठेवलेला असतो, कारण ती वाकवता आली पाहिजे. आजकालच्या सळईला जी ताकद असते ती कारखान्यात लाल सळई पाण्याच्या फवाऱ्यातून काढून तिचे बाहेरचे कवच कडक केल्यामुळे आलेली असते. आपण ती भट्टीत पुन्हा लाल केली की ते कवच संपले. अशा सळईचे आकडे, खुंट्या, दाराच्या कड्या, चुलीचा चिमटा उत्तम होतो. धारेचे काम मात्र तिच्याकडून होणार नाही.

कमानपाट्याच्या पोलादात कार्बन सुमारे 0.5 ते 0.6 टक्के असतो, शिवाय प्रकारानुसार सिलिकॉन किंवा क्रोमियमही असते. हे पोलाद तेलात थंड करण्यासाठीच बनवलेले आहे. पाण्यात ते इतक्या झपाट्याने निवते की कडेचा पातळ भाग आधी कडक होऊन बसतो, मधला जाड भाग मागाहून बदलतो, आणि त्या ओढाताणीत पाते फाटते. आपण ऐकलेला ‘टिक्‌’ हा त्याचाच आवाज होता. त्यातही आपण ते पिवळे असताना बुडवलेत, म्हणजे सुमारे 1100 अंशांवर. इतक्या तापाला पोलादाचे आतले कण फुगून मोठे होतात आणि ते ठिसूळ बनते. राहिलेला तुकडा आपल्याजवळ असेल तर तुटलेल्या जागी नीट पाहावे. तिथे जाड रव्यासारखे चमकणारे दाणे दिसले तर पोलाद अति तापले होते असे समजावे. नीट पाणी दिलेल्या पोलादाची मोड मैद्यासारखी एकजीव आणि मंद राखाडी दिसते.

ठोकताना नारिंगी-पिवळा रंग चालतो, किंबहुना तसाच हवा, कारण तांबूस काळ्या झालेल्या कमानपाट्यावर घण मारीत राहिल्यास खांदाही जातो आणि पोलादही चिरते. परंतु ठोकण्याचा रंग वेगळा आणि पाणी देण्याचा रंग वेगळा. पाणी देण्याच्या वेळी डोळ्यांवर विसंबू नका, चुंबक वापरा. सुमारे 770 अंशांवर लोखंड चुंबकाला चिकटायचे सोडते. जुन्या स्पीकरमधला चुंबक तारेने काठीला बांधून ठेवावा, पाते भट्टीतून काढून त्याला लावून पाहावे, आणि चुंबक धरीनासा झाला की पाते परत निखाऱ्यांत ठेवून रंग जेमतेम एक छटा वर जाईपर्यंत थांबावे. तेवढेच पुरते. आपले तिसरे खुरपे कडक का झाले नाही याचे उत्तर बहुधा इथेच आहे: आधीच्या अनुभवाने घाबरून आपण ते कमी तापवले असावे, किंवा भट्टीतून तेलापर्यंत नेताना ते निवले असावे. खुरप्याचे पाते तीन मिलिमीटरचे असते, त्याचा ताप दोन पावलांत उतरतो. तेलाचा डबा भट्टीपासून एका हाताच्या अंतरावर असावा.

तेल खाद्यतेल असले तरी चालते, मात्र वाहनाचे काळे जळके तेल वापरू नये. त्याचा धूर विषारी असतो आणि तो आपल्या गाईंच्याही नाकात जाणार आहे. तेल थंडगार असल्यास दाट राहते आणि पात्याचा ताप नीट ओढून घेत नाही, म्हणून आधी लोखंडाचा एखादा लाल तुकडा त्यात बुडवून ते हाताला चांगले गरम लागेल इतके, म्हणजे 50-60 अंशांपर्यंत तापवावे. चार-पाच लिटरचा, झाकण असलेला पत्र्याचा डबा घ्यावा. प्लॅस्टिकचा कॅन कदापि नको. पाते अर्धवट बाहेर ठेवू नये, झटकन पूर्ण आत घालावे. वर ज्वाळा उठलीच तर झाकण ठेवावे, पाणी टाकू नये.

आणखी एक पायरी आपण गाळलेली दिसते. ठोकून आकार आल्यावर पाते चुंबक सोडेपर्यंत तापवून सावलीत, वारा न लागू देता हवेतच निवू द्यावे, आणि हे तीन वेळा करावे. ठोकताना मोठे झालेले कण त्याने पुन्हा बारीक होतात. कारखान्यात या पायरीला फाटा देऊन वेळ वाचवणारे लोक मी पाहिले आहेत, आणि नंतर त्यांनी परत आलेला माल मोजलेलाही पाहिला आहे.

तेलातून काढलेले पाते काचेसारखे ठिसूळ असते. त्याला लगेच पुन्हा हलका ताप द्यावा लागतो. घरात भट्टीचे यंत्र नसले तरी जुन्या कढईत वाळू तापवून, भडभुंजा फुटाणे भाजतो तशी, तिच्यावर घासून चकचकीत केलेले पाते ठेवावे आणि रंग पाहावा. गव्हाळी रंग सुमारे 220 अंशांना, तपकिरी 250-260 ला, जांभळा 280 च्या आसपास आणि निळा 300 ला येतो. खुरप्याला तपकिरी ते जांभळा यांच्यामध्ये थांबवावे असे माझे मत आहे.

सात पिढ्यांचा भाता

टूलरूममधल्या काकांनी सांगितले ते शास्त्र बरोबर आहे आणि नवख्याने तेलच वापरावे, याविषयी माझेही दुमत नाही. मी जालना जिल्ह्यातला आहे. आमच्या घरात हा धंदा वडिलांपर्यंत चालला. मी वेल्डिंगचे दुकान चालवतो, पण पेरणीच्या आधी पंधरा दिवस भट्टी पेटवतोच. वडील आयुष्यभर पाण्यावरच काम करीत आले आणि कमानपाट्याच्या शेकडो विळ्या-खुरप्यांना त्यांनी पाणीच दिले. त्यांना तडे का जात नसत, हे सांगणे या चर्चेत अस्थानी होणार नाही.

ते पूर्ण पाते कधीच बुडवीत नसत. धारेकडची बोटभर कड तेवढी, बोट घातले तर कोमट लागेल अशा पाण्यात, क्षणभर धरीत आणि त्यातही हात स्थिर न ठेवता पाते वरखाली हलवीत असत, कारण एकाच रेषेवर पाणी थांबले तर त्याच रेषेवर पाते तुटते. कड काळी पडली की लगेच बाहेर काढून विटेच्या तुकड्याने ती घासायची. पाठीकडच्या भागात ताप अजून शिल्लक असतो. तो हळूहळू धारेकडे उतरू लागतो, आणि घासलेल्या चकचकीत पट्टीवर आधी गव्हाच्या काडीचा रंग येतो, त्याच्या मागे तपकिरी, मग जांभळाच्या सालीसारखा, त्याच्या मागोमाग निळा. हे रंग एकामागून एक सरकत धारेपर्यंत येतात आणि हवा तो रंग धारेवर पोहोचला की सगळे पाते पाण्यात टाकायचे. सगळा खेळ चार श्वासांचा असतो. धार कडक होते, पाठ आणि मान चिवट राहते, आणि खुरपे दगडावर आपटले तर मान वाकते पण मोडत नाही. काकांच्या पद्धतीने सबंध पाते एकसारखे कडक केले असल्यास मुठीकडची मान नंतर वेगळी तापवून निळी करून घ्यावी. माझ्या अनुभवात खुरपे धारेपेक्षा मानेतच अधिक वेळा मोडते.

दुसरी गोष्ट रंगाची. तपकिरी की जांभळा, हे जमिनीला विचारावे लागते. कोणी नवे खुरपे सांगायला आले की वडिलांचा पहिला प्रश्न ‘जमीन कोणती?’ हाच असे. काळ्या रानात खडा नसतो, तिथे धार झिजते पण तिला मार बसत नाही, म्हणून ते गव्हाळीच्या जरा पुढे थांबत. मुरमाड माळाचा शेतकरी असेल तर जांभळा रंग पूर्ण येऊ देत, कारण तिथे कडक धार दातऱ्या पडून आठ दिवसांत करवतीसारखी होते. तुमच्याकडच्या भातखाचरात तळाला काय आहे हे मला माहीत नाही, पण डोंगरउताराचे खडे असतील तर जांभळ्यावरच थांबा.

भंगारातल्या कमानपाट्याविषयी एक सावधगिरी. ट्रकखाली वर्षानुवर्षे लवून त्यात केसाएवढ्या चिरा पडलेल्या असतात, आणि त्या गंजाखाली दिसत नाहीत. मधल्या बोल्टच्या भोकाजवळचा भाग घेऊच नये. पाटा घासून, त्यावर रॉकेल लावून पुसून, वर खडूची पूड भुरभुरावी. चीर असेल तर तिच्यातून तेलाची रेघ खडूवर उमटते. पोलाद ओळखायचे असेल तर ग्राइंडरवर टेकवावे. साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब आणि सरळ जातात, पोलादाच्या ठिणग्या फुलबाजीसारख्या फुटतात. तुमची सळई आणि तुमचा पाटा एकापाठोपाठ टेकवून पाहा, पुन्हा कोणाला विचारावे लागणार नाही.

शेवटणे म्हणजे नुसती धार काढणे, असे आता समजले जाते. आधी तसे नव्हते. झिजलेल्या कुऱ्हाडीच्या तोंडाशी पोलादाचा नवा तुकडा टाकणखार (बोरॅक्स) घालून, पांढऱ्या तापावर ठोकून जोडीत, त्याला शेवटणे म्हणत. पोलाद महाग होते, म्हणून अंग लोखंडाचे आणि तोंड तेवढे पोलादाचे. तुमच्या काकांनी दिलेल्या सामानात एखादी जुनी कुऱ्हाड असल्यास तिचे तोंड घासून पाहा, सांधा दिसेल.

आणि ताई, घण मारणाऱ्या बाईकडे गाव वळून पाहत असेल तर पाहू द्यावे. घिसाडी कुटुंबांत पुरुष सांडशी धरतो आणि घण बाईच मारते. रस्त्याकडेच्या पालांवर हे आपण सगळ्यांनीच पाहिलेले आहे.

माळावरचे घर

मला धातूतले फारसे कळत नाही, परंतु गोठ्याला लागून भट्टी हे वाचून राहवले नाही. आमच्याकडे कडब्याची गंजी एका ठिणगीने गेलेली आहे, आणि ती ठिणगी भट्टीची नव्हे, नुसत्या कचऱ्याच्या जाळाची होती. पेंढा जिथे रचला आहे तिथून वाऱ्याची दिशा पाहावी आणि फाल्गुनानंतर, वावटळी सुटू लागल्या की, भट्टी उघड्यावर पेटवूच नये. काम झाल्यावर निखारे पाण्याने विझवून, पुन्हा उकरून पाहावेत. वरून काळा दिसणारा कोळसा आत रात्रभर जिवंत राहतो. भट्टीच्या कडेला ओढ्यातले गोटे लावले असतील तर तेही काढून टाकावेत, कारण ओला गोटा तापला की फुटून उडतो. विटा वापराव्यात.

जस्त चढवलेली पाइप किंवा पत्रा मात्र चुकूनही भट्टीत घालू नये. जस्ताच्या पांढऱ्या धुराने रात्री हुडहुडी भरून ताप येतो, आणि बंद पडवीत तर तो धूर जनावरांवरच साचेल.

गाईविषयी. धारेच्या वेळी दचकलेले जनावर पान्हा सोडत नाही, हा तिचा हट्ट नसून शरीराचा धर्म आहे. घाबरल्यावर रक्तात जे द्रव्य वाढते ते पान्हा आवरून धरते. धार आधी काढावी आणि घण नंतर उचलावा. ऐरण सरळ फरशीवर असेल तर ती बाभळीच्या ओंडक्यावर, खाली वाळू भरून, पट्टीने घट्ट आवळून बसवावी. आवाज निम्म्याने उतरतो आणि शेजाऱ्यांचेही बरे होते.

ओढ्याकाठची

आपणा सर्वांचे मनापासून आभार. लिहायला तीन आठवडे लागले, कारण मध्ये हरभरा काढणीला आला आणि भट्टीवर पोती टाकून ठेवावी लागली.

काका, वालाच्या ओळीतला तो तुकडा मी जपून ठेवला होता. त्याची मोड अगदी जाड्या रव्यासारखी आहे. पाट्याचा एक वितभर तुकडा मी मुद्दाम वाया घालवला: चुंबक लावून, तीनदा सावलीत निववून, गरम शेंगदाणा तेलात बुडवला आणि सांडशीत धरून घणाने तोडला. दोन्ही मोडी शेजारी ठेवल्यावर धाकट्या मुलालाही फरक ओळखता आला. तिसऱ्या खुरप्याचे आपण केलेले निदानही बरोबर निघाले. तेलाचा डबा पडवीच्या दुसऱ्या टोकाला, आगीच्या भीतीने, मीच नेऊन ठेवला होता.

दादा, आमच्या खाचरांच्या तळाला डोंगरावरून आलेला खडा आहे, म्हणून मी जांभळ्यावर थांबले. रंग सरकताना पाहण्यासाठी मी पडवीतला दिवा मालवला. उजेडात मला दोनदा काहीच दिसले नव्हते, तिन्हीसांजेला मात्र ती तपकिरी रेघ धारेकडे चालत येताना स्पष्ट दिसली. लोहारकाका दिवसभर ठोकून पाणी मात्र अंधार पडल्यावर का देत असत, हे त्या क्षणी उमगले. लहानपणी मला वाटे की ते दमून रेंगाळत आहेत. या खुरप्याने वालाचे सगळे वाफे झाले. धार जरा बोथटली, पण दुमडली नाही आणि कुठे दातरीही पडली नाही. कुऱ्हाडीचे तोंडही घासून पाहिले. सांधा आहे, पानाच्या शिरेसारखा बारीक.

आता धार सव्वापाचला काढून होते आणि भट्टी सहाला पेटते. पेंढ्याची गंज या वर्षी घराच्या पलीकडच्या बाजूला रचणार आहोत. थोरली गाय पूर्वपदावर आली आहे, फक्त ऐरणीवरचे फडके काढले की ती अजून कान टवकारते.

एकच गोष्ट राहिली. बाभळीची मूठ दोन दिवसांत हलू लागली. खुरप्याचे शेपूट, म्हणजे मुठीत बसणारे टोक, मी थंडच ठोकून बसवले होते.

सात पिढ्यांचा भाता

शेपूट तापवून बसवा, पण मूठ पूर्ण वाळलेली हवी. ओल्या बाभळीची मूठ वाळताना सैल होणारच. मुठीला शेपटापेक्षा बारीक भोक पाडून तोंडाला लोखंडी कडे चढवा, शेपटाचे टोक काळपट लाल करून निम्मे आत जाळीत न्या, काढा, आणि निवल्यावर उरलेले ठोकून बसवा. हे करताना पाते ओल्या फडक्यात गच्च गुंडाळून ठेवा आणि फडके वाळू देऊ नका. ताप धारेपर्यंत पोहोचला तर तीन आठवड्यांनी दिलेले पाणी एका मिनिटात उतरेल.